शांततेच्या दिवसांतले पोलीसकाम : भिवंडीच्या मोहल्ला समित्यांचे प्रकरण

६ डिसेंबर १९९२ नंतरचा आठवडा आणि जानेवारी १९९३ मधले पंधरा दिवस मुंबई पेटलेली होती. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाने पुढे मोजदाद केली, तेव्हा मृतांचा आकडा ९०० भरला. त्याच दिवसांत, ठाण्याची खाडी ओलांडली की एस.टी.ने सहज गाठता येणारी भिवंडी मात्र शांत राहिली. ज्या शहराचे नाव काढले की महाराष्ट्राला आधी दंगल आठवायची आणि मग कापड, त्याच शहरात असे व्हावे याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले होते.

पोलिसांच्या व्याख्यानांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि समाजशास्त्राच्या अभ्यासांत हे प्रकरण वारंवार येते, पण ते बहुधा एका कर्तबगार अधिकाऱ्याची, म्हणजे शहरात मोहल्ला समित्या उभ्या करणारे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांची, गोष्ट म्हणून सांगितले जाते. तशी ती आहेही. मात्र या लेखात त्याकडे वस्तीच्या सुरक्षिततेचे प्रकरण म्हणून पाहायचे आहे. रोजची, किरकोळ मानली जाणारी, गुन्ह्यांच्या आकडेवारीत कधीच न दिसणारी भांडणे आणि वस्तीला बसणारा मोठा हादरा यांचा संबंध कोणी, कसा ओळखला, आणि ओळखल्यावरही ती व्यवस्था पुढे का विसविशीत झाली, हा येथे विषय आहे.

दोन मे महिने

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडीत दंगल उसळली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत पोचले. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने या तिन्ही ठिकाणच्या घटनांची चौकशी केली. त्या अहवालातला सर्वांत बोचरा भाग दंगलीनंतरच्या पोलीस तपासाविषयीचा आहे. गुन्ह्यांच्या तपासासाठी नेमलेल्या विशेष पथकानेच पक्षपाताने काम केले, असा स्पष्ट ठपका आयोगाने ठेवला होता. त्यानंतर चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली. त्या वेळी भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसे मेली.

दोन्ही वेळी दंगलीनंतर प्रशासनाने जे केले, ते साधारण एकाच साच्यातले होते. संचारबंदी, राज्य राखीव दलाच्या तुकड्या, प्रतिबंधक अटकसत्र आणि शांतता समितीची बैठक. यातली शांतता समिती ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या ओळखीची संस्था आहे. गणपती, मोहरम, ईद किंवा शिवजयंती जवळ आली की तिची बैठक बोलावली जाते. पुढच्या रांगेत नगरसेवक, मौलवी, मंडळांचे अध्यक्ष, एखादा वकील, एखादा डॉक्टर, दोन-चार व्यापारी बसतात. साहेब बोलतात, मान्यवर बोलतात, चहा होतो आणि ‘या शहराची एकोप्याची परंपरा आम्ही जपू’ असे सांगून सगळे उठतात. या मंडळींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अडचण अशी की दगड ज्या गल्लीत उचलला जातो, त्या गल्लीत यांच्यापैकी कोणी राहत नाही, आणि जो राहतो त्याचे तिथली पोरे ऐकतीलच असे नाही. शिवाय दंगलीच्या रात्री पुढाऱ्याला आपल्याच समाजात पाय रोवून राहायचे असते. शांततेचे आवाहन करून तो जेवढे मिळवतो, त्याहून अधिक गमावण्याची भीती त्याला वाटते.

शहर आणि त्यातले मोहल्ले

भिवंडी समजायची तर यंत्रमागापासून सुरुवात करावी लागते. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर येथे स्थिरावले, त्याआधीपासून कोकणी मुसलमान येथे होते, आसपासच्या गावांत आगरी समाज, पद्मानगरात तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, सुताच्या आणि कापडाच्या पेढ्यांवर गुजराती-मारवाडी व्यापारी, आणि मागांवर उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले कामगार. १९८२ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि विणाईचे काम भिवंडीकडे अधिकच सरकले. १९८१ च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या आत असलेली शहराची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या वर नोंदवली गेली. दहा वर्षांत तिप्पट झालेल्या शहरात पाणी, गटार, खोली आणि रस्ता यांतले काहीही तिप्पट झाले नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

कामगाराचा दिवस बारा तासांच्या पाळीचा. एकाच खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे लोक आलटून पालटून झोपतात. जेवण बिसीत, म्हणजे महिन्याच्या हिशेबावर चालणाऱ्या खाणावळीत. मजुरी कापडाच्या मीटरवर आणि पंधरवड्याने. माग चालू असताना भिंतीला हात लावला तर ती थरथरताना जाणवते, आणि खटाखट आवाजात दोन माणसांना एकमेकांशी ओरडूनच बोलावे लागते. अशा वस्तीत भांडणाला निमित्त शोधत जावे लागत नाही. नळावरची रांग, शेजारच्या कारखान्याचा रात्रभरचा आवाज, खोलीची अनामत परत न मिळणे, मुकादमाने उचलीत कापून घेतलेले पैसे, पगाराच्या रात्री दारू पिऊन झालेली शिवीगाळ, नाक्यावर उभे राहून मुलींना त्रास देणारी टोळकी, चोरीचे सूत कोणी विकत घेतले यावरून होणारी धुसफूस, असे ते सगळे असते.

यांतल्या कोणत्याही भांडणाला मुळात धर्म नसतो. पण भांडणारे दोघे दोन धर्मांचे असतील आणि भांडण तीन आठवडे कुजत राहिले, तर पुढच्या मिरवणुकीच्या दिवशी त्याला धर्म मिळतो. माझ्या समजुतीप्रमाणे भिवंडीच्या प्रयोगाच्या मुळाशी हेच निरीक्षण होते.

पोलीस ठाण्यातले दोन कागद

येथे थोडे थांबून, असे भांडण पोलीस ठाण्यात गेल्यावर त्याचे काय होते ते पाहणे आवश्यक आहे, कारण वस्तीच्या गुन्हेगारीचा सारा आकडा याच टेबलावर ठरतो.

समजा, नळावरून झालेल्या मारामारीत एकाच्या कानाखाली बसली, ओठ फुटला, आणि ‘पुन्हा दिसलास तर तंगडी तोडीन’ अशी धमकी मिळाली. तो माणूस रातपाळी बुडवून ठाण्यात येतो. ठाणे अंमलदार त्याचे म्हणणे ऐकून घेतो आणि जुन्या दंडसंहितेच्या भाषेत ‘३२३, ५०४, ५०६’ अशी कलमे लावून अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करतो. बोलीत याला ‘एन.सी.’ म्हणतात. अर्जदाराला नोंदीची प्रत मिळते आणि त्याने न्यायालयात दाद मागावी, अशी समज दिली जाते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५५ प्रमाणे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना अशा प्रकरणाचा तपास करता येत नव्हता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्येही मूळ तरतूद तीच आहे. मीटरवर मजुरी घेणारा कामगार एका थपडेसाठी न्यायालयाची पायरी चढणार नाही, हे अंमलदाराला माहीत असते, कामगाराला माहीत असते आणि ज्याने मारले त्यालाही माहीत असते. ती प्रत घडी घालून खिशात जाते आणि धुलाईत विरघळते.

दुसरा कागद म्हणजे प्रथम खबरी अहवाल. तो दखलपात्र गुन्ह्याचा, म्हणजे ज्याचा तपास पोलिसांना स्वतःहून करता येतो अशा गुन्ह्याचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी जे आकडे प्रसिद्ध करतो, ते या नोंदींचे असतात. एका नोंदीत अनेक गुन्हे असले तर त्यांतला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजला जातो, आणि मग दर लाख लोकसंख्येमागे किती, असा दर काढला जातो. म्हणजे एखाद्या वस्तीचा गुन्हेदर सांगताना आपण तीन चाळण्यांतून गेलेली गोष्ट सांगत असतो: तक्रार करायला माणूस गेला का, गेला तर ती दखलपात्र म्हणून लिहिली गेली का, आणि ज्या लोकसंख्येने भागले ती खरी का. भिवंडीसारख्या शहरात तिसरी चाळणी तर फारच सैल आहे. जनगणना दहा वर्षांनी व्हायची असते आणि मागावरचा कामगार होळीला गावी जाऊन कधी परततो, कधी नाही. २००१ मध्ये ५,९८,७४१ आणि २०११ मध्ये ७,०९,६६५ असे शहराच्या लोकसंख्येचे आकडे आहेत, पण कोणत्याही एका रात्री शहरात प्रत्यक्ष झोपलेली माणसे किती, हे त्यांवरून कळत नाही.

पोलीस खात्यालाही कमी आकडाच सोयीचा असतो. गुन्हे वाढले तर वरिष्ठांच्या मासिक गुन्हे आढावा बैठकीत निरीक्षकाला उभे राहून उत्तर द्यावे लागते. म्हणून तक्रार ‘समजावून’ परत पाठवणे ही कला प्रत्येक ठाण्यात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. अशा रीतीने शांत दिसणाऱ्या आकड्यांखाली वस्तीत काय साचत आहे, हे ज्याला खरोखर ठाऊक असते तो बीटवरचा, म्हणजे ठरावीक वस्तीत गस्तीला नेमलेला, हवालदार. आणि त्याला कोणी विचारत नाही.

१९८८ नंतर काय बदलले

सुरेश खोपडे हे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि १९९२ पर्यंत तेथे होते. भिवंडी तेव्हा ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत होती, आजही आहे. आधीच्या दंगलींकडे पाहून त्यांनी जी व्यवस्था उभी केली, ती मोहल्ला समिती या नावाने ओळखली जाते. शहरात अशा सुमारे ७० समित्या झाल्या.

त्यांची रचना शांतता समितीच्या जवळपास उलटी होती. एक शहर, एक समिती असे न करता प्रत्येक मोहल्ल्याची वेगळी समिती केली गेली. सदस्यांत दोन्ही समाजांचे प्रतिनिधित्व सारखे राहील हे पाहिले गेले. निवड करताना पुढाऱ्यांपेक्षा वस्तीत राहणाऱ्या सामान्य माणसांवर भर दिला गेला. बैठका सणासुदीपुरत्या न ठेवता, काहीही घडलेले नसतानाही नियमित होतील असे ठरले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, समितीचे काम वरच्या अधिकाऱ्याच्या हाती न ठेवता त्या भागातल्या खालच्या पोलीस कर्मचाऱ्यांकडे सोपवले गेले.

या शेवटच्या गोष्टीचे मोल पोलीस खात्याबाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. शिपाई आणि हवालदार यांचा बहुतेक वेळ समन्स-वॉरंट बजावण्यात, आरोपीला न्यायालयात नेण्या-आणण्यात आणि बंदोबस्तात जातो. चार तास एखाद्या चौकात उभे राहायचे, मंत्र्यांचा ताफा गेला की दुसऱ्या चौकात जायचे. त्याला निर्णय विचारला जात नाही आणि त्याच्या माहितीला कागदावर जागा नसते. अशा माणसाला एका मोहल्ल्याची जबाबदारी मिळाली, तिथल्या चाळीस-पन्नास घरांतली माणसे त्याला नावाने ओळखू लागली, अनामतीचे भांडण त्याच्यासमोर बसून मिटू लागले, की त्याच्या वागण्यात फरक पडतो. वस्तीच्याही वागण्यात पडतो. खाकी कपडे म्हणजे लाठी एवढेच ठाऊक असलेल्या मोहल्ल्याला, विशेषतः मादन आयोगाने ज्याची नोंद केली तो अनुभव पदरी असलेल्या मुस्लिम मोहल्ल्याला, पोलिसाचे हे रूप नवे होते.

समितीपुढे येत काय असे? तेच सगळे, जे एन.सी.च्या नोंदीत संपून जाते. मालक-भाडेकरू, नळ, गटार, पोरांची मारामारी, ध्वनिक्षेपक, मिरवणुकीचा मार्ग. कायद्याने पोलिसांना ज्या तक्रारीत हात घालता येत नव्हता, तिच्यात शेजाऱ्यांना हात घालता येत होता, आणि पोलीस कर्मचारी शेजारी बसलेला असल्यामुळे त्या तोडग्याला वजन येत होते. याला कोणी ‘कायद्याबाहेरचे’ म्हणू शकेल. मला ते कायद्याच्या अलीकडचे वाटते. दिवाणी दाव्याला लागणारी वर्षे आणि एका थपडेचे आयुष्य यांत जे अंतर आहे, त्यात कोणीतरी उभे राहणे भागच होते.

अफवेच्या बाबतीत या रचनेचा उपयोग सर्वांत स्पष्ट दिसतो. भ्रमणध्वनी नसलेला तो काळ. ‘पलीकडच्या गल्लीत प्रार्थनास्थळावर दगड पडला’ ही बातमी एका मोहल्ल्यातून दुसऱ्यात जाताना दगडाचा हातबॉम्ब होत असे. अशा वेळी दोन्ही समाजांचे, एकमेकांच्या घरी चहा प्यायलेले चार-सहा जण आणि बीटचा पोलीस यांनी जागेवर जाऊन, पाहून, दोन्हीकडे येऊन सांगणे, यापेक्षा जलद आणि विश्वासार्ह उपाय नाही. मात्र त्यासाठी आधी चहा प्यायलेला असावा लागतो. तणावाच्या रात्री नवी ओळख करून देता येत नाही.

डिसेंबर १९९२

अयोध्येची बातमी आली तेव्हा ही रचना तीन-चार वर्षे चाललेली होती. नंतर आलेल्या अधिकाऱ्यांनीही ती मोडीत काढली नाही. मुंबईत काय झाले याचा तपशील श्रीकृष्ण आयोगाने मृत्यूच्या कारणांनुसार दिला आहे: पोलीस गोळीबारात ३५६, भोसकाभोसकीत ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या हल्ल्यात ८०, खासगी गोळीबारात २२ आणि इतर कारणांनी ४. हे आकडे मी मुद्दाम सुटे करून दिले आहेत. त्यांतले पहिले दोन एकत्र धरले तर ७०३ होतात, म्हणजे चारांतले तीनहून अधिक मृत्यू. एक आकडा पोलीस आणि वस्ती यांच्यातल्या संबंधाचा आहे, दुसरा वस्ती आणि वस्ती यांच्यातल्या संबंधाचा. भोसकण्यासाठी फार मोठा जमाव लागत नाही. अंधारी गल्ली, ओळखीने किंवा पेहरावाने हेरलेला माणूस आणि नंतर तोंड उघडणार नाही असा मोहल्ला, एवढे पुरते. भिवंडीच्या समित्या नेमक्या याच दोन संबंधांवर चार वर्षे काम करत होत्या.

भिवंडीत त्या दिवसांत तणाव नव्हता असे नाही, आणि बंदोबस्त, गस्त, प्रतिबंधक कारवाई या नेहमीच्या गोष्टीही होत्याच. पण १९७० किंवा १९८४ ची पुनरावृत्ती झाली नाही.

श्रेय किती द्यावे

एका शहरात एक गोष्ट केली आणि एक गोष्ट घडली नाही, एवढ्यावरून पहिलीमुळेच दुसरी टळली असे म्हणता येत नाही. म्हणून दुसरी स्पष्टीकरणे तपासून पाहावी लागतात.

पहिले स्पष्टीकरण धंद्याचे. मागवाला मुस्लिम, सूतवाला हिंदू, कामगार दोन्हीकडचे, मग माग बंद पडून कोणाचे भले होणार? युक्तिवाद ऐकायला बरा आहे, पण ही परस्परांवरची भिस्त १९८४ मध्येही होती आणि तेव्हा तिने काही वाचवले नाही. दुसरे स्पष्टीकरण असे की १९८४ चे व्रण ताजे होते आणि शहर दमले होते. पण १९८४ मध्ये मुंबईनेही मार खाल्ला होता, तरीही ती १९९२ मध्ये पेटली. तिसरे, १९७० मध्ये आजूबाजूच्या गावांतून आलेल्या लोकांचा मोठा वाटा होता, आणि १९९२ मध्ये तशी मिरवणूक किंवा बाहेरून जमाव आणणारा दिवस नव्हता. यात तथ्य आहे, आणि समित्यांचे गुणगान करणारे हा मुद्दा सहसा टाळतात. शहरातल्या मोहल्ल्यांची वीण कितीही घट्ट असली, तरी बाहेरून येणाऱ्या हजारो लोकांपुढे ती किती टिकली असती, याची परीक्षा तेव्हा झाली नाही.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या दंगलग्रस्त आणि शांत शहरांची तुलना करताना भिवंडीची दखल घेतली आहे. त्यांचा मूळ सिद्धांत असा की, दोन समाजांना जोडणाऱ्या संघटना आणि रोजचे व्यवहार जिथे भक्कम असतात तिथे अफवेला पाय फुटत नाहीत. हे जाळे बहुतेक ठिकाणी दीर्घ काळात आपोआप विणले जाते. भिवंडीचे वेगळेपण असे की तेथे ते पोलिसांनी, म्हणजे शासनाने, हेतुपुरस्सर विणले.

माझा स्वतःचा कल समित्यांना बरेच श्रेय देण्याकडे आहे, पण एका अटीवर. त्यांनी भिवंडीतली गुन्हेगारी कमी केली असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नये. सूतचोरी, जुगार, पाकीटमारी, पगाराच्या रात्रीची लूट यांवर त्यांचा किती परिणाम झाला हे आकड्यांवरून ठरवता येणार नाही, कारण पोलिसांवरचा विश्वास वाढला की आधी न येणाऱ्या तक्रारी येऊ लागतात आणि नोंदलेले गुन्हे उलट वाढलेले दिसतात. चांगल्या पोलीसकामाने गुन्हेदर वाढू शकतो, हे विधान गुन्हे आढावा बैठकीत करून पाहण्याची हिंमत फार थोड्या निरीक्षकांमध्ये असेल.

या रचनेला तिच्या स्वतःच्याही मर्यादा होत्या. चारचौघांत बसून मिटवण्याची पद्धत बरोबरीच्या माणसांच्या भांडणाला ठीक चालते. जिथे एक बाजू दुबळी आहे, उदाहरणार्थ घरात मार खाणारी बाई किंवा वस्तीतल्याच कोणा वजनदार माणसाच्या मुलाकडून त्रास होणारी मुलगी, तिथे ‘मिटवा’ या शब्दाचा अर्थ बहुधा ‘गप्प बसा’ असा होतो. अशी तक्रार शेजाऱ्यांच्या बैठकीत न जाता ठाण्यात जावी आणि तिथे एन.सी. न होता गुन्हा म्हणून नोंदली जावी, हेच योग्य. दुसरी मर्यादा मानवी स्वभावाची. पोलिसांच्या शेजारची खुर्ची मिळाली की काहींना ती विकता येते. समिती सदस्य असल्याचे ओळखपत्र मोटारसायकलच्या काचेमागे लावणारे, ‘साहेबांशी बोलून देतो’ म्हणून दोन पैसे घेणारे लोक अशा प्रत्येक व्यवस्थेभोवती जमतात. त्यांना दूर ठेवायचे तर ती नेमणारा अधिकारी जागा असावा लागतो.

मुंबईची नक्कल आणि भिवंडीचा विसर

१९९३ नंतर मुंबईत सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि इतरांनी मोहल्ला समिती चळवळ सुरू केली. तिच्यात पुढाकार नागरिकांचा आणि साथ पोलिसांची होती, म्हणजे भिवंडीच्या उलट. पोलीस आणि वस्तीतली मुले यांचे क्रिकेटचे सामने हा त्या चळवळीचा गाजलेला भाग. राज्याच्या गृह खात्याने पुढे १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्यातही गावातच तंटे मिटवण्याचा विचार होता. गंमत अशी की ज्या कल्पनेचा सर्वांत ठळक प्रयोग एका दाटीवाटीच्या औद्योगिक शहरात झाला, ती राज्यभर नेताना गावापुरती ठेवली गेली आणि शहरांच्या वाट्याला पुन्हा शांतता समितीच आली.

भिवंडीत मात्र समित्यांना कोणताही कायदेशीर आधार नव्हता. स्वतंत्र पद नाही, तरतूद नाही, बदली होऊन येणाऱ्या अधिकाऱ्याने त्या चालवल्याच पाहिजेत असा नियम नाही. उपायुक्त दोन-तीन वर्षांनी बदलतो, निरीक्षक त्याआधीही बदलतो, आणि बीटवरच्या हवालदाराची नेमणूक तर ठाण्याच्या रोजच्या ड्यूटीच्या वहीवर अवलंबून असते. ज्या माणसाला मोहल्ला ओळखतो त्यालाच न्यायालयाच्या कामावर पाठवले, आणि त्याच्या जागी आलेल्याला गल्लीचे नावही ठाऊक नसले, की समिती कागदावर उरते. सदस्यांचेही तेच. १९८८ मधला तरुण मागवाला २००६ मध्ये मध्यमवयीन झालेला असतो, आणि दरम्यान शहरात आलेल्या लाखो माणसांपैकी कोणालाही त्याच्या खुर्चीचे कारण माहीत नसते.

५ जुलै २००६ रोजी ते दिसून आले. निजामपुरा भागात कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाण्याची इमारत बांधण्यास विरोध होता. जागेचा वाद होता, भावना होत्या, आणि काम पोलीस संरक्षणात सुरू झाले. जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात दोघे मेले. त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले.

या घटनेत दोन समाज एकमेकांसमोर नव्हते. वस्ती आणि पोलीस समोरासमोर होते, आणि वादाचे कारण पोलीस ठाणे हेच होते. सुरक्षिततेसाठी इमारत हवी, हे खरे असेलही. पण ती कुठे असावी हा प्रश्न कुदळ पडण्याआधी मोहल्ल्यात बसून, महिनोन्महिने, कंटाळा येईपर्यंत बोलून सोडवण्याचा होता, आणि त्या कामासाठीच एकेकाळी या शहरात सत्तर समित्या होत्या. समित्यांची वीण सैल झाली होती, हे नंतर अनेकांनी बोलून दाखवले. मेलेल्या शिपायांचे पद पाहावे. अठरा वर्षांपूर्वी ज्या पातळीवरच्या माणसाला वस्तीत ओळख मिळवून द्यायची होती, त्याच पातळीवरची ती दोन माणसे होती.

आज भिवंडी शहर, निजामपुरा, शांतीनगर, भोईवाडा, नारपोली, कोनगाव अशी पोलीस ठाणी या परिसरात आहेत. सणाच्या आधी येथेही बैठका होतात, त्यांची छायाचित्रे स्थानिक वर्तमानपत्रांत येतात, पुढच्या रांगेतली नावे छापली जातात. बीटचा हवालदार त्या वेळी सभागृहाच्या दाराशी बंदोबस्ताला उभा असतो.